अंगठ्याला कळणारी पातळी

काका,

सप्रेम नमस्कार.

प्रयोगशाळेतलं हेलियमचं काम सोडून तुम्ही निवृत्त झालात तेव्हा मी दूर, दुसऱ्याच कुठल्या क्रायोस्टॅटपाशी, म्हणजे नमुने अतिथंड ठेवणाऱ्या यंत्रापाशी, उभी होते. फोनवर मी आभार मानायला लागले, तर तुम्ही विषय बदलून "पंपाचं तेल बदललंस का?" असं विचारलंत. म्हणून आता लिहूनच टाकते, आणि चारचौघांत लिहिते. माझ्या प्रबंधात तुमच्या वाट्याला एक ओळ आली होती. ती ओळ मला आजही खुपते.

मी प्रयोगशाळेत आले तेव्हा अतिसंवाहकतेचा, म्हणजे काही पदार्थांतून अतिथंडीत वीज विनाअडथळा वाहते त्याचा, 1957 चा बीसीएस सिद्धांत मला तोंडपाठ होता. इलेक्ट्रॉनांच्या जोड्या कशा जमतात, रोध शून्य का होतो, फळ्यावर सगळं मांडता यायचं. पण द्रव हेलियम डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. तुम्ही पहिल्याच आठवड्यात हेलियम ओतायची नळी, ट्रान्सफर ट्यूब, माझ्या हातात दिलीत. मी ती डेवरमध्ये, हेलियमच्या थर्मससारख्या टाकीत, घाईने खाली सारली आणि वरचा रबरी फुगा टम्म फुगला. ऊबदार नळी द्रवात बुडाली की हेलियम भसाभसा उकळतं. 4.2 केल्विनला, म्हणजे उणे 269 अंश सेल्सिअसला उकळणारा तो द्रव, आणि त्याची सुप्त उष्णता इतकी कमी की नुसत्या एक वॅट उष्णतेने तासाभरात लिटरभराहून जास्त उडून जातो. तुम्ही ओरडला नाहीत. माझ्या मनगटावर हात ठेवलात आणि म्हणालात, "नळीला आधी गार होऊ दे. तोवर आपण नुसतं उभं राहायचं." तुमच्या शेजारी तसं नुसतं उभं राहण्यात माझे कितीतरी तास गेले, आणि माझं खरं शिक्षण त्याच तासांत झालं.

पातळी मोजायची ती बारीक, लांब नळी आठवते ना? वरच्या टोकाला रबराचा पडदा ताणून बसवलेला. खालचं टोक हेलियमच्या वाफेत असलं की पडदा अंगठ्याखाली भरभर थरथरायचा, आणि द्रवाला टेकलं की थरथर एकदम संथ व्हायची. तुम्ही डोळे मिटून, मान किंचित कलती करून नळी खाली-वर करायचात आणि सांगायचात, "इथं आहे." मग पट्टीवर खूण. मला ते पहिले तीन आठवडे काही केल्या कळेना. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी कळलं, आणि मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतून लोक धावत आले.

उडालेला हेलियम वायू परत गोळा करणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह मी एकदा उघडायचा विसरले, तेव्हा मात्र तुम्ही रागावलात. एक लिटर द्रवातून खोलीच्या तापमानाला साडेसातशे लिटरच्या आसपास वायू होतो. जमिनीखाली युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सारातून कोट्यवधी वर्षांत साठलेला तो वायू एकदा हवेत सुटला की आपल्या हाती परत येत नाही. त्या दिवसापासून व्हॉल्व्ह दोनदा तपासल्याशिवाय मी खोलीबाहेर पडलेले नाही.

पण मला मुख्य सांगायचंय ते त्या रात्रीबद्दल. नवा क्रिस्टल होता, माझ्या स्वतःच्या हाताने वाढवलेला. सोन्याच्या, केसाहून बारीक चार तारा सिल्व्हर पेस्टने चिकटवायला माझी अख्खी दुपार गेली होती. रात्री दोनच्या सुमाराला 3.7 केल्विनजवळ रोध धाडकन खाली आला. नवा अतिसंवाहक! गाइडना पाठवायची मेल लिहून तयार होती. तुम्ही त्या रात्री लिक्विफायरवर, हेलियमचा द्रव करणाऱ्या यंत्रावर, ड्युटीला होतात. आलात, आलेख पाहिलात आणि एकच प्रश्न विचारलात, "हा वाढवला कशात?"

"कथिलात," मी म्हटलं, आणि तोंडातून शब्द बाहेर पडतानाच मला समजलं. वितळलेल्या कथिलात क्रिस्टल वाढवला की पृष्ठभागावर कथिलाचा पातळ थर राहू शकतो, आणि कथिल स्वतःच 3.7 केल्विनला अतिसंवाहक होतं. तुम्ही म्हणालात, "थोडं चुंबकीय क्षेत्र लावून बघ." पाचशे गॉसला ती सगळी घसरण नाहीशी झाली. कथिलाची अतिसंवाहकता एवढ्याशा क्षेत्रातच मोडते. दुसऱ्या दिवशी पृष्ठभाग घासून परत मोजलं. रेघ सरळ, काहीही नाही. मी रडले. तुम्ही म्हणालात, "आज तू खोटं छापण्यापासून वाचलीस," आणि परत लिक्विफायरकडे गेलात.

जुलै 2023 मध्ये एलके-99 या पदार्थाची बातमी जगभर पसरली. खोलीच्या तापमानाला, साध्या हवेच्या दाबाला अतिसंवाहक! पुढे काही आठवड्यांत कळलं की शंभरएक अंश सेल्सिअसला दिसणारी रोधाची ती घसरण नमुन्यातल्या कॉपर सल्फाइडच्या भेसळीमुळे होती. मला तुमचाच प्रश्न आठवला. हा वाढवला कशात?

माझी कारकीर्द कुप्रेटपासून, म्हणजे तांब्याच्या ऑक्साइडच्या अतिसंवाहकांपासून सुरू झाली, मग लोहाधारित अतिसंवाहक, आता पिळलेलं ग्राफीन, म्हणजे कार्बनचे एका अणूइतके पातळ थर. दोन थर 1.1 अंशाने फिरवून ठेवले की 1.7 केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता दिसते, हे 2018 साली समोर आलं आणि आम्ही सगळे तिकडे धावलो. पदार्थ बदलत गेले. संशय घ्यायची सवय मात्र तुमची, तीच.

नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये 8 एप्रिल 1911 ला पाऱ्याचा रोध नाहीसा झाला, तेव्हा हेलियमची यंत्रणा खेरिट फ्लिम सांभाळत होते, आणि गॅल्व्हानोमीटरचे आकडे खिलेस होल्स्ट वाचत होते. शोधनिबंधावर नाव एकट्या प्रयोगशाळाप्रमुख कामरलिंग ओनेस यांचं. 1913 चं नोबेलही त्यांनाच, आणि त्यांची योग्यता मोठीच होती. तरी वर्गात तो आलेख दाखवताना मी फ्लिम यांचं नाव आधी घेते. मुलं विचारतात, हे कोण? मग मी तुमच्याबद्दल सांगते.

आमच्या नव्या प्रयोगशाळेत हेलियम ओतावं लागत नाही. बंद चक्रातलं यंत्र आहे, बटण दाबलं की एक-दोन दिवसांत दहा मिलिकेल्विनला, निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, पोचतं. तरी एक जुना क्रायोस्टॅट मी हट्टाने चालू ठेवलाय. तुम्ही निरोपाला दिलेली ती नळी त्याच्या शेजारी खुंटीला टांगलेली असते. रबर तीनदा बदललं. गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीने तिच्यावर अंगठा ठेवला, बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग हळूच म्हणाली, "इथं."

तुमची,
हेलियम सांडणारी पोर