१९७१चा दाखला जपून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला मुख्य लेख वाचला. हुकूमशहा कोण आणि देश कोणता हे वाचकांना ठाऊक आहे, ते पुन्हा उगाळत नाही. जगाने बघत बसू नये, आधी त्या हुकूमशहाच्या विमानांवर 'उड्डाणबंदी' लादावी, नाही भागले तर फौज उतरवावी, असा लेखकमहाशयांचा सल्ला. दाखला १९७१चा. भारताने १३ दिवसांत बांगलादेश मोकळा केला, मग इतरांना कसली अडचण?

मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर ज्या बेळगावात आहे आणि आसपासच्या खेड्यांत गल्लीगणिक माजी सैनिक आहेत, तिथे हे वाक्य छापायला धाडस लागते. त्याबद्दल अभिनंदन.

तेरा दिवस फक्त गोळीबाराचे होते, ३ ते १६ डिसेंबर. पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली २५ मार्चच्या रात्री. म्हणजे मधले आठ-साडेआठ महिने भारत काय करत होता, हे लेखकाने सांगितलेच नाही. एप्रिलमध्येच चढाईचा विचार निघाला तेव्हा लष्करप्रमुख माणेकशांनी नकार दिला. पावसाळा तोंडावर, पंजाबच्या गव्हासाठी रेल्वेचे डबे अडकलेले, आणि हिमालयातल्या खिंडी उघड्या असल्याने चीनची धास्ती, अशी त्यांनी पुढे सांगितलेली कारणे. ही हकिकत सांगताना थोडी रंगली असेलही. पण पाऊस, नद्या आणि खिंडी खऱ्याच होत्या. १७ एप्रिलला बांगलादेशाच्या हंगामी मुजीबनगर सरकारचा शपथविधी झाला, म्हणजे उद्या कारभार कुणाच्या हाती द्यायचा हे आधी ठरले. बंगाली बंडखोरांच्या मुक्तिवाहिनीचे प्रशिक्षण सुरू झाले. ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी करार झाला, म्हणजे सुरक्षा परिषदेत नकाराधिकाराची सोय झाली. सुमारे एक कोटी निर्वासित पोसत हे सगळे चालले होते. एवढे झाल्यावर डिसेंबर उजाडला.

आणि तरीही वाट सोपी नव्हती. कमालपूरच्या एका छोट्या पाकिस्तानी ठाण्याने तीन आठवडे दाद दिली नाही. ते ४ डिसेंबरला पडले. पुढे जमालपूर, मध्ये ब्रह्मपुत्रा. समोरून धडका मारण्यापेक्षा ब्रिगेडियर क्लेर यांनी गावकऱ्यांच्या होड्यांतून नदी ओलांडली, आणि १ मराठा, म्हणजे आपली जंगी पलटण, जमालपूरच्या दक्षिणेला माघारीच्या रस्त्यावर नेऊन बसवली. शरण या, असे पत्र पाठवले तेव्हा पाकिस्तानच्या ३१ बलूच पलटणीच्या कर्नल सुलतान महमूद यांनी उत्तरासोबत बंदुकीची गोळी पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री ते वेढा फोडून निघाले आणि थेट मराठ्यांच्या मोर्चांवर आदळले. ११ तारखेला २ पॅरा ही आपली छत्रीधारी पलटण टांगाईलजवळ छत्रीने उतरली, पूंगलीचा पूल घेतला, आणि मागून आलेल्या १ मराठाशी तिची गाठ पडली. (२ पॅरा म्हणजे पूर्वीची ३ मराठा. पुरवणीत निदान एवढे यायला हरकत नव्हती.)

छत्रीने उतरणे म्हणजे वाऱ्यावर विखुरणे. माणूस एकीकडे, तोफा-जीप दुसरीकडे, काही सामान तळ्यात. टांगाईलला ते निभावले, कारण तो मुलूख बंगाली बंडखोर नेते कादर सिद्दिकींच्या माणसांच्या ताब्यात होता, भारतीय अधिकारी आधीच त्यांच्यात जाऊन बसला होता, आणि तळ्यातले सामान गावकऱ्यांनी ओढून काढले. जिथे खाली आपली माणसे नाहीत तिथे हाच बेत रसातळाला जातो. लेखात ज्या देशात फौज उतरवायची आहे, तिथे तळ्यातून सामान कोण काढणार?

आता हेतूंविषयी. १९७१ला भारत निव्वळ परोपकारासाठी गेला होता असे मी म्हणणार नाही. निर्वासितांचा भार होता, पाकिस्तान दुभंगावा अशी इच्छाही होती. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ७ डिसेंबरला युद्धबंदीचा आणि सैन्य मागे घेण्याचा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी केला. त्या अकरांत आपण. नियमाने बोलायचे तर जग आपल्या विरुद्ध होते. आणि अमेरिकेने एंटरप्राइझ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात धाडली ती पाकिस्तानच्या याह्याखानासारख्या हुकूमशहाच्या पाठीशी उभे राहायला. तेव्हा हुकूमशहा हटवणे हे कुठल्याही राजधानीचे व्रत नसते, एवढे तरी मान्य करू.

मग हेतू ओळखायचा कसा? भाषणे वाचून नव्हे. शहर पडल्यावर पहिल्या आठवड्यात पहारा कुठे बसवला आणि पगार कुणाचा सुरू ठेवला, हे पाहायचे. ढाक्यात १० जानेवारी १९७२ला बांगलादेशाचे नेते मुजीब परतले, त्याच महिन्यात सिद्दिकींच्या लोकांनी टांगाईलला त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली, आणि १२ मार्चला भारतीय फौजेने निरोपाचे संचलन केले. बिहारी मुसलमानांवर सूड उगवला गेला, १९७५ला मुजीबच मारले गेले आणि लष्करशाही आली, हेही खरेच. उत्तम तयारीने केलेल्या हस्तक्षेपाचे फळ एवढेच टिकले.

उलट बगदाद पाहा. ९ एप्रिल २००३ला शहर पडले. तेल मंत्रालयाभोवती रणगाडे उभे राहिले. बाकीची मंत्रालये आणि राष्ट्रीय संग्रहालय लुटले गेले. निव्वळ तेलासाठी गेले हे म्हणणेही आळसाचेच, कारण रुमैला तेलक्षेत्राचे मोठे कंत्राट २००९च्या लिलावात ब्रिटनच्या बीपीला आणि चीनच्या सीएनपीसीला मिळाले. पण पहारा कुठे आधी बसला, ते दिसलेच. इराकमधल्या अल काकाच्या शस्त्रकोठारातून सुमारे साडेतीनशे टन उच्च स्फोटके नाहीशी झाली, कारण तिथे ठेवायला माणूस नव्हता. २३ मे रोजी अमेरिकेने नेमलेले प्रशासक ब्रेमर यांनी इराकी सैन्यच बरखास्त केले. लाखो माणसे, हातात शिक्षण, घरी बंदूक, पगार बंद. निवृत्तिवेतनासारखे काहीतरी देऊ अशी घोषणा व्हायला आणखी महिना गेला. रस्त्याकडेला पुरलेले तोफगोळे कुठून आले हे कळायला मोठा हेर लागत नाही.

मनुष्यबळाचा हिशेब तर साधा आहे. ताब्यात घेतलेल्या मुलखात शांतता राखायला हजार लोकसंख्येमागे २० जवान-पोलीस लागतात, असा लष्करी अभ्यासकांचा ठोकताळा आहे. इराकची लोकसंख्या तेव्हा अडीच कोटींच्या घरात, म्हणजे पाच लाख हवेत. अमेरिकेचे होते दीड लाखांच्या आसपास. अमेरिकी सेनाप्रमुख जनरल शिन्सेकींनी 'काही लाख लागतील' असे युद्धाआधीच सांगितले, तर वरिष्ठांनी ते उडवून लावले. आपल्या बेळगाव जिल्ह्याला हेच प्रमाण लावा: २०११च्या जनगणनेप्रमाणे ४७.८ लाख लोक, म्हणजे ९५ हजार जवान. शिवाय एक तुकडी मैदानात, एक तयारीत, एक विश्रांतीत, म्हणून तिप्पट. अशी फौज कोण देणार? २००३ला अमेरिकेने भारताकडे एक डिव्हिजन, साधारण १७ हजार जवान, मागितलेच होते. वाजपेयी सरकारने १४ जुलैला स्पष्ट नकार दिला: संयुक्त राष्ट्रांचा आदेश नाही, तर सैनिक नाहीत. पुरवणीतल्या शौर्यापेक्षा तो नकार शहाणा होता.

आणि 'उड्डाणबंदी'. लेखक ती रस्त्यावरच्या प्रवेशबंदीच्या पाटीसारखी लावायला निघाले आहेत. विमाने थांबवायची तर आधी जमिनीवरची रडारे आणि क्षेपणास्त्रांचे तळ फोडावे लागतात, म्हणजे पहिला बॉम्ब पहिल्याच रात्री पडतो. लिबियात १९ मार्च २०११ला शंभराहून अधिक टॉमाहॉक क्षेपणास्त्रे सुटली. नंतर चोवीस तास गस्त: एक जोडी आकाशात, एक वाटेवर, एक परतीला, एक दुरुस्तीत, वर इंधनवाहू विमाने आणि अवॅक्स ही उडती रडारे. नाटोची सुमारे २६,५०० उड्डाणे झाली, त्यांतली ९,७००च्या आसपास माऱ्याची, आणि काही महिन्यांत युरोपीय देशांचे अचूक बॉम्ब संपत आले. एवढे करूनही खालून उडणारे हेलिकॉप्टर निसटते. १९९१ला सफवानच्या युद्धबंदीत इराकला हेलिकॉप्टर उडवायची मुभा मिळाली, आणि सद्दामने त्याच हेलिकॉप्टरांनी दक्षिणेतले बंड चिरडले. पुढे बारा वर्षे उड्डाणबंदी होती, सद्दाम जागचा हलला नाही. १९९४ला तर अमेरिकी एफ-१५ विमानांनी उत्तर इराकमध्ये स्वतःचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरे पाडली; २६ माणसे गेली.

लिबियाबाबतचा सुरक्षा परिषदेचा ठराव क्र. १९७३ नागरिकांच्या रक्षणाचा होता, परकी ताबा-फौज नको हे त्यातच लिहिलेले होते; भारत त्यावर तटस्थ राहिला. रक्षणापासून सुरू झालेले काम गद्दाफीच्या मृत्यूपाशी येऊन थांबले. जमिनीवर कुणी नव्हते, म्हणून शस्त्रकोठारे उघडी पडली आणि ती हत्यारे घेऊन तुआरेग बंडखोर पुढच्याच जानेवारीत मालीत उठले. ऐन कामात उद्दिष्ट बदलले की काय होते ते आपल्याला श्रीलंकेत कळले आहे. करारावर देखरेख करायला गेलेली शांतिसेना लढाईत अडकली आणि सुमारे बाराशे जवान गमावून १९९०ला परतली.

परक्या जनतेच्या लोकेच्छेची आपल्या पुरवणीला एवढी तळमळ आहे हे वाचून आनंद झाला. सीमाप्रश्नाचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यावर पुरवणीत पानभर लेख शेवटचा कधी आला, ते कळवले तर उपकार होतील. तिथे तर फौजही लागत नाही.

कळावे,
एक वर्गणीदार वाचक
शहापूर, बेळगाव

ता. क. लेखासोबतच्या छायाचित्राखाली 'बगदादमधील अमेरिकी अब्राम्स रणगाडा' असे छापले आहे. तो टी-७२ आहे, रशियन बनावटीचा. आपल्या सैन्यातही तोच आहे आणि इराकी सैन्याकडेही होता. अब्राम्सला एका बाजूला सात चाके असतात, टी-७२ला सहा. छायाचित्रात सहा दिसतात. आणि हे पत्र जागेअभावी कापायचेच असेल तर विशेषणे कापा, आकडे ठेवा.