पखवाजाच्या पट्ट्याला कोणता दोरा?

म्हापसा, गोवा
आषाढ

प्रिय बाबल,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचे दोऱ्यांचे तुकडे मिळाले. भजनी मंडळाच्या पखवाजाला तू स्वतःच्या हाताने पट्टा शिवणार, हे वाचून फार आनंद झाला. बाजारातला कापडी पट्टा खांद्यात रुततो. कार्तिकात मडगावच्या दिंडीत पखवाज गळ्यात घालून चालायचं तर खांद्यावर रुंद कातडंच हवं. कातडं तू छान निवडलं आहेस. दोऱ्याचं मात्र शेवटच्या ओळीत उरकलंस, ‘सगळ्यात मजबूत कोणता ते सांग, तोच घेतो.’ त्या ओळीसाठी हे लांबलचक पत्र.

सगळ्यात मजबूत दोरा घेऊ नकोस. पट्टा वर्षानुवर्षं वापरला की कधीतरी काहीतरी तुटणारच. तेव्हा दोरा तुटावा, कातडं नव्हे. दोरा तुटला तर त्याच जुन्या भोकांतून नवा ओवता येतो आणि पट्टा पुन्हा कामाला लागतो. दोरा कातड्याला भारी पडला तर ताण आल्यावर तो भोकाची कड चिरत जातो. शेजारशेजारची भोकं एक होतात, आणि मग तेवढी कड कापून टाकण्यावाचून इलाज उरत नाही. त्यात तू दोन सुयांनी शिवणार आहेस. एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा जाणार. यंत्राच्या शिवणीत एक टाका तुटला की पुढचे सैल पडत जातात. आपल्या शिवणीत एका बाजूचा टाका झिजून गेला तरी दुसऱ्या बाजूचा धरून राहतो. म्हणून तुला वाटतं तेवढ्या ताकदीची मुळात गरजच नाही.

कोल्हापुरी चपला करणारे लोक तळ वादीने शिवतात, म्हणजे कातड्याच्याच बारीक पट्टीने. तळ भिजला की वादीही भिजते, तळ आवळला की तीही आवळते. शिवण आणि कातडं दोन्ही एकाच स्वभावाची असल्यामुळे एक दुसऱ्याला कापत नाही. २०१९ साली त्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आकाराची आणि वेणीची खूप वाखाणणी झाली. मला मात्र त्या वादीचं कौतुक जास्त वाटतं. पखवाजाला पुड्या, म्हणजे दोन्ही तोंडांवरची कातडी, बांधायलाही वादीच लागते, तेव्हा हे तुला मी वेगळं काय सांगू!

आता जाडी. दोरा किती जाड हवा हे नुसत्या कातड्यावर ठरत नाही, दोन भोकांमधल्या अंतरावर ठरतं. तुझ्याकडचं प्रिकिंग आयर्न, म्हणजे भोकांच्या खुणा उमटवायचं दातेरी हत्यार, ४ मिलिमीटरचं आहे, म्हणजे इंचाला सहाच्या वर टाके. त्याला ०.८ मिलिमीटरचा दोरा भरून दिसतो आणि भोकात नीट बसतो. अंतर ५ मिलिमीटर असेल तर १ मिलिमीटर. पैशाच्या पाकिटासाठी बकऱ्याचं पातळ कातडं घेशील तेव्हा अंतर ३ मिलिमीटर धर आणि दोरा ०.६ च्या वर नको, त्याहून बारीकही चालेल. जाड दोरा दाट भोकांत कोंबला की टाके एकमेकांच्या अंगावर चढतात, तिरपी रेघ हरवते. आणि बारीक दोरा जाड पट्ट्यावर जोराने आवळला की तो कातड्यात रुतून सुरीचं काम करतो. पट्ट्याचं कातडं साडेतीन मिलिमीटरचं, टोकाला कडी ओवायला दुमडून दुप्पट होणार. तिथे ४ मिलिमीटर अंतर आणि ०.८ चा दोरा घे. मी असतो तर दुसरं काही घेतलं नसतं.

मग येतो खरा प्रश्न, दोरा कशाचा?

लिननवर माझं मन आहे, हे तुला माहीत आहे. आपण ज्या जवसाची चटणी खातो त्याच जातीच्या झाडाचा तो धागा, फक्त धाग्यासाठी उंच वाढणारे वाण वेगळे लावतात. लिननचा दोरा ओढला तर तुटेपर्यंत जेमतेम दोन-तीन टक्के लांबतो. त्यामुळे टाका आवळला की आवळलेलाच राहतो, परत मागे येत नाही. पीळ दिलेला असल्यामुळे टाक्यावर बारीक तिरप्या रेघा उमटतात, आणि मेण लावून शिवला की कातड्यात असा मुरतो की वेगळा वाटतच नाही. फ्रान्समधला ‘फील ओ शिनुआ’ नावाचा लिननचा दोरा मी एकदा हाताळला आणि त्यानंतर बराच काळ दुसऱ्या दोऱ्याकडे बघवेना. लोकांना वाटतं लिनन पाण्याला कच्चा. तसं नाही. ओला लिनन कोरड्यापेक्षा उलट जास्त ताकदीचा असतो.

पण बाबल, आपली हवा! वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पाणी लिननला तोडत नाही, बुरशी तोडते. प्रमाणित हवेत, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेत, लिनन आपल्या वजनाच्या सुमारे १२ टक्के ओल धरून बसतं. नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. जवसाचं खोड पाण्यात किंवा दवात कुजवूनच त्यातला धागा सोडवतात, जसा आपल्याकडे नारळाच्या सोडणांतून काथ्या सोडवतात. तेव्हा कुजवणारे जीव त्याला नवे नाहीत. मेण थोडं थोपवतं, पण खांद्याच्या घामाने आणि घर्षणाने ते उतरत जातं. मी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, पागोळीच्या आतल्या बाजूला कातड्याचा एक तुकडा टांगून ठेवला आहे, त्यावर तीन ओळी शिवल्या आहेत, लिनन, नायलॉन आणि पॉलिएस्टर. सर्वांत आधी काळे ठिपके लिननवर आले. कातड्यावरची बुरशी पुसून निघते. दोऱ्याच्या पदरांत शिरलेली निघत नाही.

म्हणून माझं मत असं की गोव्यात लिनन घरात, कपाटात, कोरड्या हाताळणीत राहणाऱ्या वस्तूंना द्यावं. वहीचं वेष्टण, चष्म्याचं घर, देवघरातल्या पोथीचं बासन. पखवाजाचा पट्टा श्रावणात वास्कोच्या सप्ताहालाही जाणार, भर पावसात. तिथे लिनन नको.

तू जाळ्याच्या दोऱ्याचं विचारलंस. मालीमच्या जेटीजवळ तो स्वस्त मिळतो, समुद्रात टिकतो, मग पट्ट्याला का नको, हा तुझा मुद्दा. विचार चांगला आहे आणि तो झटकून टाकावा असं मला वाटत नाही. पण जाळं टिकतं ते नुसत्या दोऱ्यामुळे नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा जेटीवर काय चालतं ते आठव. जाळी पसरून माणसं बसलेली असतात, फाटलेलं विणत. जाळ्याला सतत डागडुजी मिळते. शिवाय तो दोरा नायलॉनचा, आणि नायलॉन ताणलं की लांबतं. जाळ्यात तो गुण आहे, झटका पचतो. पट्ट्यात तो दोष होतो. पखवाजाचं ओझं रोज पडलं की टाका ढिला होतो, ढिला टाका भोकात मागेपुढे सरकतो आणि भोक लांबट करतो. उन्हाने नायलॉन पॉलिएस्टरच्या मानाने लवकर कमजोर होतं. आणि एकतारी नायलॉन, गरीला लावतात तसलं, तर बिलकूल नको. ते गुळगुळीत आणि ताठ असतं, टोक मागे शिवूनही धरत नाही.

राहिलं पॉलिएस्टर. त्यात दोन प्रकार बघ. एक पीळ दिलेला गोल, दुसरा गुंफलेला चपटा. चपट्यामध्ये जर्मनीच्या ‘रिट्झा टायगर’चं नाव आहे. मेण लावूनच येतो, ०.६, ०.८, १.० आणि १.२ अशा मापांत. गुंफलेला असल्यामुळे शिवताना पीळ सुटण्याचा प्रश्नच नाही, आणि नवशिक्या हाताला ही मोठी मदत आहे. महाग आहे, हे खरं. आपल्याकडे मेणाचा म्हणून जो साधा पॉलिएस्टर दोरा मिळतो तोही पट्ट्याला पुरेसा आहे, फक्त मेण कमी-जास्त असतं. खूप चिकट वाटला तर फडक्यातून एकदा ओढून घे. कमी वाटलं तर मधमाशीचं मेण वरून चोळ. ते ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणून पट्टा बंद गाडीत काचेखाली उन्हात टाकू नकोस, कातड्यावर डाग उमटतील.

रिळावरच्या आकड्यांनी गोंधळू नकोस. टेक्स म्हणजे १००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममध्ये वजन आणि डेनियर म्हणजे ९००० मीटरचं, दोन्हीत आकडा वाढला की दोरा जाड. लिननमध्ये उलट. १८/३ लिहिलं असेल तर १८ हा सुताचा नंबर, तो जितका मोठा तितकं सूत बारीक, आणि ३ म्हणजे तीन पदर. १८/३ पेक्षा १८/५ जाड. ‘फील ओ शिनुआ’चे आकडेही असेच उलटे चालतात, ५३२ पेक्षा ४३२ जाड. दुकानात मिलिमीटरच विचारावं, तेवढं पुरतं.

तू पाठवलेले तुकडे मी जाळून पाहिले. लिनन कागदासारखं जळतं आणि करडी, हलकी राख सोडतं. पॉलिएस्टर आक्रसतं, काळा धूर काढतं आणि काळसर कडक मणी होतो. नायलॉनचा मणी फिका असतो, धूर बेताचा. तुझ्या चिठ्ठीवर लिनन लिहिलेला तुकडा पॉलिएस्टर निघाला. दुकानदाराला माहीत असेल-नसेल, पण त्याने लिननचे पैसे घेतले असतील तर परत जाऊन बोल. दोरा मात्र ठेव, बरा आहे. हिरव्या कागदातला नायलॉन आहे, तो सामान बांधायला वापर.

शिवताना दोरा शिवणीच्या लांबीच्या चौपट घे, कडीपाशी दुमडलेल्या जाग्याला पाचपट, आणि दोन्ही सुयांसाठी वर वीतभर. मधे दोरा संपला तर सांधा देता येतो, पण ताणाच्या जागी सांधा नको. शेवटी दोन-तीन टाके मागे शीव, दोन मिलिमीटर सोडून काप, लायटरच्या ज्योतीची कड लावून टोक बसव. पॉलिएस्टरचा हा मोठा फायदा. लिननचं टोक वितळत नाही, तिथे कापून किंचित डिंक आणि हातोडीचा हलका ठोका.

सुया गंजू देऊ नकोस. तुझं कातडं बाभळीच्या सालीत कमावलेलं आहे, आणि असल्या कातड्याला ओलसरपणात लोखंड लागलं की काळा डाग पडतो, तो धुऊन जात नाही. आपल्या हवेत उघडी सुई आठवड्यात तांबूस होते. शिवणयंत्राच्या तेलाच्या फडक्यात गुंडाळून डबीत ठेव, वापरायच्या आधी कोरडी पूस. सुई बोथट टोकाचीच हवी, भोक आरीने पाडायचं. टोकदार सुई आधीच्या दोऱ्याच्या पदरांत घुसते आणि मग तो दोरा परत ओढताच येत नाही.

रंगाचं तू पांढरा म्हणतोस. गोऱ्या कातड्यावर पांढरा टाका पहिल्या दिवशी फार सुंदर दिसतो, नाकारत नाही. पण कातडं उन्हाने आणि हाताने गडद होत जाणार, आणि घामाने पांढरा दोरा राखाडी. बदामी घे. पहिल्या वर्षी फारसा दिसणार नाही, नंतर गडद कातड्यावर उठून येईल.

नवं रीळ आत्ता घेऊ नकोस. माझ्याकडे ०.८ चा बदामी उघडलेला आहे, कदंबाच्या बसने मडगावला येणाऱ्या कोणाजवळ तरी देतो. त्यातला पहिला हात रद्दी तुकड्यावर फिरव आणि तो तुकडा मला पाठव, टाक्यांचा कल बघतो. एक मात्र तू लिहायचं राहिलं आहे, कडी किती रुंद आहे? दुमड कुठवर घ्यायची आणि शिवणीच्या किती ओळी बसतील ते त्यावर आहे. पट्टी ठेवून मोज आणि लगेच कळव. वहिनींना आणि काकांना नमस्कार.

तुझाच मित्र