बोरमाळ मोडायच्या आधी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आई फोनवर म्हणाली की आजीची बोरमाळ या महिन्यात मोडायची, दोन मणी चेपलेत, आतली लाख सुटून हलवलं की वाजते, दुरुस्तीला कुडाळात कोणी हात लावायला तयार नाही आणि सोन्याचा असा भाव परत मिळेल न मिळेल. हे सगळं खरंय. २०२५ च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅम सोनं पहिल्यांदा एक लाख रुपयांवर गेलं आणि त्याच वर्षी तिथून अजून बरंच वर चढलं, त्यामुळे आता घरोघरी कपाटं उघडून जुनं काढणं चाललंय, माझ्या बिल्डिंगमध्ये पण तेच. पण त्या दिवशी मला जे सांगायचं होतं ते जमलं नाही, बाबा फोनवर आले की मी बीपीची गोळी घेतली का, जेवलात का एवढंच विचारते. म्हणून लिहितेय. आई तू मोठ्याने वाच, बाबांचा चष्मा शोधण्यात वेळ नको.

बाबा, मोड म्हणजे काय हे मी तुमच्यासारख्या सोनाराला सांगायचं म्हणजे फारच झालं, पण तरी लिहिते कारण मला त्यातूनच पुढचं सांगायचंय. दुकानदार माळ घेणार, तापवून लाख काढणार, लाखेचं वजन वजा, घट वजा, उरलं ते सोनं गुणिले आजचा भाव. घडणावळ, म्हणजे घडवायची मजुरी, शून्य. आता बोरमाळ मुळात कशासाठी आहे, तर थोडक्या सोन्यात गळा भरून दिसावा म्हणून. पातळ पत्रा ठोकून ठोकून त्याचे गोल मणी करायचे, आत लाख भरायची म्हणजे मणी चेपत नाही आणि हाताला भरीव लागतो. सगळी अक्कल कारागिराच्या हातात, सोनं त्यात नावापुरतं. म्हणजे ज्या गोष्टीमुळे तो डाग, तो दागिना, उभा राहिला तिचेच पैसे मोडीत मिळत नाहीत. आजोबांनी आजीसाठी स्वतः केलेला डाग, आणि पावतीवर येणार फक्त लाख जाऊन उरलेले ग्रॅम.

मी जे काम करते ना, कलाकृती म्हणून दागिने घडवायचं, त्या जगात सगळे गेली साठेक वर्षं याच एका गोष्टीवरून भांडतायत, की दागिन्याची किंमत वजनात असते की दुसऱ्या कशात. तुम्ही दोघं मला कधी थेट विचारत नाही, आई काकूंना सांगते की ती ज्वेलरी डिझायनिंग करते, बाबा माझं पितळेचं आणि लाकडाचं काम हातात घेऊन उलटंपालटं करतात, मागची बाजू बघतात, जोडाचा डाक नीट लागलाय का बघतात आणि ठेवून देतात. मला ते मागची बाजू बघणं फार आवडतं खरं सांगायचं तर. पण हे सगळं कशासाठी, ते आज सांगते.

जर्मनीत म्युनिकला दर वर्षी साधारण मार्चमध्ये हस्तकारागिरांची मोठी जत्रा भरते, तिच्यात १९५९ पासून श्मुक नावाचं प्रदर्शन असतं, त्यांच्या भाषेत श्मुक म्हणजे दागिने. हर्बर्ट होफमान नावाच्या माणसाने सुरू केलं, त्याच्या नावाचं बक्षीस १९७३ पासून देतात आणि आमच्यात ते मोठं मानलं जातं. प्रदर्शन एका हॉलमध्ये असतं पण त्या आठवड्यात अख्ख्या शहरात, गॅलऱ्यांत, दुकानांत, कुणाच्या तळघरात, जगभरची पोरं आपापलं काम मांडून बसतात. मी अजून गेलेली नाही, पण तो आठवडा आला की इथे स्टुडिओत आमचं निम्मं काम बंद असतं, सगळे फोनवर तिकडचे फोटो बघत असतात आणि वाद घालत असतात, हे काय आहे, हे गळ्यात कसं घालणार, हे आपल्याला का नाही सुचलं. २०२० ला कोरोनामुळे ते झालं नाही तेव्हा आम्हाला इथे भायखळ्यात बसून वाईट वाटलं होतं.

तिथल्या अकॅडमीत ओटो कुंझली म्हणून एक स्विस माणूस बरीच वर्षं शिकवत होता. त्याने १९८० मध्ये एक बांगडी केली. काळ्या रबराची नळी, गोल वळवून जोडलेली, बाकी काही नाही. फक्त एका जागी जरा फुगीर, कारण आत सोन्याची गोळी आहे. बाहेरून सोनं दिसत नाही, बघायचंच असेल तर रबर कापायला लागेल आणि कापलं की बांगडी गेली. नाव काय दिलं तर सोनं आंधळं करतं. मी कॉलेजात असताना पहिल्यांदा हिचा फोटो पाहिला आणि मला आजीची बोरमाळच आठवली, कारण बरोब्बर उलटं आहे बघा, आपल्याकडे वर सोनं आत लाख, त्याच्याकडे वर रबर आत सोनं. त्याने जे मुद्दाम विचार करून मांडलं ते आपल्याकडचे कारागीर गरजेपोटी कधीपासून करत आलेत, की दागिना म्हणजे वर काय दिसतं आणि आत काय आहे यातला खेळ. फरक एवढाच की त्याची बांगडी म्युझियममध्ये गेली, तिच्यावर पुस्तकांत पानंच्या पानं लिहिली गेली, आणि आपल्या बोरमाळेला दुकानदार म्हणतो लाख आहे, वजनातून जाणार.

त्याच कुंझलीने १९८५-८६ च्या सुमारास लोकांनी वापरलेल्या लग्नाच्या अंगठ्या विकत गोळा केल्या आणि एकीत एक अडकवून साखळी केली. अस्सल सोनं, सुंदर दिसते, पण गळ्यात घालवत नाही. कुणाकुणाची लग्नं आहेत ती, कुणी गेलं असेल, कुणी सोडून दिलं असेल, कुणाला पैशाची नड असेल. आई, तुला आठवतं, बाबांच्या पेढीवर एखादं मंगळसूत्र मोडीला आलं की बाबा त्या दिवशी घरी गप्प असायचे. कुणी बोलायचं नाही पण आम्हा पोरांना कळायचं. ती साखळी तेच सांगते, मोठ्याने.

आणि भावाचंच म्हणाल तर लिसा ग्रालनिक नावाच्या अमेरिकन बाईंनी त्यावर अख्खी मालिका केलीय, द गोल्ड स्टँडर्ड. रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या प्लास्टरच्या हुबेहूब प्रती काढल्या आणि त्या वस्तूची बाजारात जेवढी किंमत तेवढ्या किमतीच्या सोन्याचा तुकडा त्याच पांढऱ्या आकारात बसवला, म्हणजे एक कोपरा सोन्याचा, बाकी सगळं प्लास्टर. एका नजरेत कळतं की अमुक वस्तू म्हणजे एवढंसं सोनं. हे काम भाव आतापेक्षा खूप कमी होता तेव्हाचं आहे, आज तेच करायला घेतलं तर तो सोन्याचा कोपरा किती बारीक होईल याचा मी परवा लोकलमध्ये उभी राहून विचार करत होते, दादर कधी गेलं कळलं नाही.

बाबा, खास तुमच्यासाठी एक. डेव्हिड बीलांडर म्हणून एक दागिने घडवणारा आहे, त्याच्या बांगड्या बघितल्या तर खोक्याचा पुठ्ठा कापून स्टेपलर मारून केल्यासारख्या वाटतात, पुठ्ठ्याच्या कडेच्या लाटा सुद्धा दिसतात. हातात घेतली की कळतं ती चांदी आहे, रंग आणलेली चांदी, आणि स्टेपलरच्या पिना पांढऱ्या सोन्याच्या. तो पत्रा कसा वळवला असेल हे तुम्ही मला सांगाल अशी माझी खात्री आहे, मला अजून पूर्ण समजलेलं नाही. फोटो दादाच्या फोनवर पाठवते, मोठा करून बघा.

सगळं छान चाललंय असं मात्र नाही. ॲमस्टरडॅमला पॉल डेरेझ यांची रा नावाची दागिन्यांची गॅलरी होती, १९७६ ला सुरू झालेली, आमच्या क्षेत्रातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक, ती २०१९ ला बंद झाली. तिकडेच हॉलंडमध्ये नायमेखनची मार्झे गॅलरी अजून आहे, तिथे दर वर्षी जगभरच्या कॉलेजांतून नुकत्याच पास झालेल्या मुलांचं काम लावतात, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण पहिली संधी कुणीतरी दिल्याशिवाय पुढचं काही होत नाही. मुंबईत ज्वेलरीचा एवढा प्रचंड धंदा, बीकेसी आणि गोरेगावला ते मोठं ट्रेड शो भरतं तेव्हा हॉटेलात खोली मिळत नाही, पण तिथे बोलणं वजनाचं, घडणावळीच्या टक्क्यांचं आणि ऑर्डरींचं. एखाद्या पोरीने स्वतःच्या मनातलं काहीतरी दागिन्यातून सांगितलंय आणि ते बघायला लोक मुद्दाम येतायत, अशी मार्झेच्या तोडीची जागा मला तरी मुंबईत दिसत नाही. कोलकात्याच्या एना अहलुवालियांनी घरातल्या मारहाणीविरुद्ध दागिन्यात कृपाण आणली, असं एकटंदुकटं काम आपल्याकडे होतं, पण त्याला घर नाही. आता भाव वाढल्यावर तर आमच्याकडे शिकणाऱ्या मुलांना चांदीसुद्धा परवडत नाही, ती तांबं, पितळ, नारळाची करवंटी, जुन्या साडीचे काठ असं घेऊन बसतात. त्याचं मला दुःख नाही, उलट काम बरं होतंय, कारण चुकलं तर परत करता येतं आणि हात धीट होतो.

पण मला खरं बोचतं ते नावाचं. तिकडे कुठलाही छोटा पिन दाखवला तरी आधी नाव येतं, अमक्याने केला, अमक्या साली. आपल्याकडे आता हॉलमार्क सक्तीचा झाला, २०२३ पासून हॉलमार्कच्या प्रत्येक डागावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या डागाचा स्वतःचा नंबर, सक्तीचा झाला, चांगलंच झालं, गिऱ्हाईक फसत नाही. त्यातून सोनं किती शुद्ध ते कळतं, कुठल्या दुकानाचं तेही काढता येतं. पण फुंकणी फुंकून डोळे लाल करून तो कुणी घडवला ते कुठेच नाही. झवेरी बाजारच्या त्या अंधाऱ्या जिन्यांवर वर गेलं की एकेका खोलीत किती बंगाली पोरं मांडी घालून बसलेली असतात, त्यांच्यातल्या कुणाचं नाव कुठल्या शोरूममध्ये वाचलंय कुणी? बाबा, तुमच्या हातचे डाग या मुंबईत किती लग्नांत मिरवले असतील, एकावरही तुमचं नाव नाही. आजोबांच्या तर नाहीच नाही. ते किती बारीक काम करायचे याचा आता एकच पुरावा उरलाय आणि तो आईच्या कपाटात आहे.

मी जुनं मोडूच नये अशी हट्टी नाही. अमेरिकेत २००७ पासून रॅडिकल ज्वेलरी मेकओव्हर म्हणून उपक्रम चालतो, लोक नको असलेले दागिने देतात, विद्यार्थी आणि कारागीर एकत्र बसून त्यातूनच नवीन करतात, म्हणजे खाणीतून नवीन धातू काढायला नको. मला ते मनापासून पटतं. आईच्या त्या तुटलेल्या चेन, एकेकटे राहिलेले डूल, दादाची लहानपणीची अंगठी, सगळं खुशाल मोडा, मी काही बोलणार नाही. पण बोरमाळ तुटलेली नाहीये. दोन मणी चेपलेत. आणि लाख काढून परत भरता येते, हे बाबांनीच मला शिकवलंय.

तर माझं म्हणणं असं. पैशाची गरज आहे हे मला माहितीये, कौलं बदलायचीत, आईच्या गुडघ्याचंही बघायचंय. माळ मला द्या. काट्यावर घाला, लाखेचं वजन काढू नका, जेवढी भरेल तेवढ्या सगळ्याला त्या दिवशीचा भाव धरा आणि वर घडणावळ लावा, बाबा ठरवतील त्या दराने, मी घासाघीस करणार नाही. सगळे एकदम नाही जमणार, दिवाळीपर्यंत दोन हप्त्यांत देते. तुम्हाला लेकीकडून पैसे घेणं जड जाईल पण दुकानदाराकडून घेणारच होतात ना, आणि मी त्याच्यापेक्षा जास्त देतेय.

दुसरं, बाबांनी मुंबईला यावं. पावसाच्या आधी, कोकणकन्येचं तिकीट मी काढते, आई पण. ते दोन मणी बाबांनी माझ्या स्टुडिओत बसून दुरुस्त करायचे, माझ्याकडची मुलं बाजूला बसून बघतील आणि एक जण व्हिडिओ काढेल. लाख किती तापवायची, कधी थांबायचं, फट कुठे ठेवायची हे कुठल्याच पुस्तकात नीट लिहिलेलं मला सापडलं नाही आणि मुलं रोज विचारतात. हात थरथरतो म्हणून नाही म्हणू नका, तुम्ही सांगा, हात मी लावते. तुमचं तार ओढायचं जंतर आणि लहान चिमटे घेऊन या, टाकणखार इथे आहे. आणि मुलांनी एक ठरवून ठेवलंय, ते मी आत्ताच सांगते म्हणजे ऐन वेळी ओरडायला नको, माळेच्या फासाला चांदीची छोटी टिकली जोडणार आहोत, तिच्यावर आजोबांचं नाव आणि खाली तुमचं. अक्षर तुम्ही काढायचं.

आई, दादा शनिवारी येतोय तर त्याच्याबरोबर कोकम दे, आणि माळ त्याच्याकडे देऊ नकोस, येताना तूच घेऊन ये, गळ्यात घालून.

तुमची,
मनी