नाव न विचारलेल्यांचे आभार

पोर्तुगालमधल्या लिस्बन ते तोमार या खासगी गाडीच्या प्रवासात ज्यांची नावं विचारायची राहून गेली, त्या सगळ्यांचे मनापासून आभार.

पहिले आभार चालकदादांचे. टोलनाक्यावरची हिरवी ‘व्हिया व्हेर्द’ मार्गिका फक्त काचेवर टोल आपोआप भरणारं यंत्र असलेल्यांसाठी असते. यंत्राविना त्यातून गेलं तर दंड होऊ शकतो. लिस्बनजवळच्या सिंत्रात पेना राजवाड्याच्या चढावर खासगी गाड्यांना बंदी असते, म्हणून गाडी कितीही आलिशान असली तरी ती खालीच सोडावी लागते, हेही त्यांनी आधीच बजावलं.

पेनाच्या फाटकावरच्या ताईंचे तर दुप्पट आभार. तिकिटावरची वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नव्हे. मधे अर्ध्या तासाची चढण आहे. नेमकी इथेच बहुतेकांची वेळ हुकते.

लिस्बनमधला जेरोनिमुश मठ सोमवारी बंद, हे सांगून वाटेचा क्रम बदलून देणाऱ्या हॉटेलच्या काउंटरवाल्यांचेही आभार. वास्को द गामाची समाधी तिथल्या चर्चमध्ये आहे. गोव्याकडच्या माणसाला ती चुकवून चालत नाही.

आल्कोबासाच्या मठात राजा पेद्रू आणि त्याची प्रेयसी इनेश यांच्या समाध्या पायांकडे पाय करून आहेत, हे दाखवणारे, आणि बाताल्याच्या मठात ‘अपूर्ण चॅपेलं’ (छोटी प्रार्थनाघरं) मुख्य चर्चच्या मागे असून त्यांना बाहेरून वळसा घालून जायचं असतं, हे सांगणारे पहारेकरी: ओब्रिगादु (धन्यवाद)! ती चॅपेलं छताविना आहेत, तेव्हा पावसात छत्री हवीच.