हप्ता फिन्लींनीच चुकवला

संपादक महोदय,
स. न.

रविवार पुरवणीतला क्रीडासंघांच्या मालकांवरचा लेख आवडला. पण ऑकलंड अ‍ॅथलेटिक्स या अमेरिकी बेसबॉल संघाचे एकेकाळचे मालक चार्ली फिन्ली यांच्याबद्दल लेखाचा सूर असा, की करार संपल्यावर हव्या त्या संघात जायची खेळाडूंना मोकळीक मिळाली, त्यांचे भाव वाढले आणि त्यात फिन्लींचा संघ मोडला. हे काही पटले नाही.

फिन्ली स्वकष्टाने वर आलेले, यात वाद नाही. अमेरिकेतल्या गॅरी शहरातील पोलाद कारखान्यात राबले, क्षयाने अंथरुणाला खिळले आणि बरे झाल्यावर डॉक्टरांनाच विमा विकून गडगंज झाले. १९६० च्या अखेरीस त्यांनी हा संघ घेतला, तेव्हा तो कॅन्सस सिटीत होता. १९६८ साली त्यांनी तो ऑकलंडला हलवला. १९७२ ते ७४ अशी ओळीने तीन वर्षे वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथल्या बेसबॉलचे अजिंक्यपद, जिंकली. मैदानात खेचर फिरवणे, मिशा राखणाऱ्या खेळाडूला ३०० डॉलर देणे, हे चाळे वेगळेच!

पण माणसे सांभाळण्याची वेळ आली की घोडे पेंड खायचे. १९७३ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये संघातल्या माइक अँड्र्यूजकडून एकाच इनिंगमध्ये लागोपाठ दोन चुका झाल्या. फिन्लींनी त्याला खांदा दुखावल्याच्या कागदावर सही करायला लावून घरी धाडले. निषेध म्हणून सहकाऱ्यांनी सरावाला बाहीवर त्याचा १७ क्रमांक चिकटवला. बेसबॉलचे आयुक्त बोवी क्यून यांनी त्याला परत घ्यायला लावले आणि सिरीज जिंकूनही प्रशिक्षक डिक विल्यम्स संघ सोडून गेले. लेखात हे सगळे एका ओळीत उरकले आहे.

संघाचा चेंडूफेक्या (पिचर) कॅटफिश हंटर याचे प्रकरण तर लेखात नाहीच. त्याचा १९७४ चा पगार एक लाख डॉलर; त्यातले निम्मे, त्याला पुढे नियमित रक्कम मिळावी म्हणून, विमा कंपनीच्या अ‍ॅन्युइटीत भरायचे, असा लेखी करार होता. करात लगेच सूट मिळत नाही म्हणून फिन्लींनी ते ५० हजार भरलेच नाहीत. आयुष्यभर लोकांना हप्त्यांचे महत्त्व पटवणाऱ्या माणसाने! लवादाने करारभंग ठरवून हंटरला मुक्त केले आणि न्यूयॉर्कच्या यँकीज संघाने त्याला तीस लाखांहून जास्त डॉलर मोजले. खेळाडूंना सरसकट मोकळीक मिळाली ती यानंतर.

गंमत म्हणजे या मोकळिकीचे गणित फिन्लींनाच नेमके कळले होते. सगळ्याच खेळाडूंना दरवर्षी मोकळे करा, बाजारात माल वाढला की भाव आपोआप उतरेल, असे ते इतर मालकांना सांगत होते. खेळाडू संघटनेचे मार्विन मिलर यांना धास्ती होती ती याचीच. पण फिन्लींचे ऐकतो कोण? १९७६ मध्ये तीन खेळाडू ३५ लाख डॉलरना विकायला काढले, तो सौदाही क्यून यांनी रद्द केला. १९७९ साली संघ १०८ सामने हरला, एका सामन्याला तर अवघे ६५३ प्रेक्षक होते. पुढच्याच वर्षी त्यांनी संघ विकला.

लेखमालेचा पुढचा भाग येणार असेल, तर हंटरच्या निवाड्यावर सविस्तर लिहावे, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे