मंत्री महोदय, आमच्या नकाशांचे पत्ते परत द्या

माननीय पुराभिलेख मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

आपल्या खात्याचं नवं पोर्टल सुरू झालं आणि त्याच दिवशी जुन्या नकाशांच्या सगळ्या लिंक बंद पडल्या. 'जुने पत्ते चालू राहतील' असं खात्याने लेखी कळवलं होतं. आज त्यातला एकही उघडत नाही.

नेमकं काय मोडलं ते सांगायलाच हवं, कारण खात्यात ते कुणाला कळलेलं दिसत नाही. स्कॅन केलेली शीट आजच्या जगावर बसवताना तिच्यावरची एक जागा आणि आजच्या नकाशावरची तीच जागा अशा जोड्या लावतात. हे कंट्रोल पॉइंट. शीट नुसती सरकवणं, फिरवणं, ताणणं अशा साध्या रूपांतराला 3 पुरतात. ती वाकवूनही बसवायची तर दुसऱ्या घाताच्या बहुपदीला (म्हणजे तशा सूत्राला) 6 आणि तिसऱ्या घाताच्या बहुपदीला 10 लागतात. चुका पकडायच्या तर आम्ही नकाशे ट्रेस करणारे 12 ते 15 लावतो, चारही कोपऱ्यांत पसरून. नदीकाठ घेत नाही, नदी सरकते. जुना पूल किंवा रस्त्यांचा चौक घेतो. अक्षांश-रेखांशाच्या रेषांचा छेद सगळ्यात भरवशाचा, पण शून्य रेखांश कुठला ते आधी पाहावं लागतं. पॅरिसवरून मोजलेला नकाशा ग्रीनिचचा समजून बसवला तर तो 2 अंश 20 मिनिटं सरकतो. विषुववृत्तावर हे सुमारे 260 किलोमीटर होतात.

ही सगळी मेहनत ऑलमॅप्समध्ये (जुने नकाशे आजच्या नकाशावर बसवायच्या ऑनलाइन साधनात) दोनच गोष्टींवर उभी असते : आपल्या सर्व्हरवरच्या चित्राचा पत्ता आणि 'डावीकडून इतकावा, वरून इतकावा पिक्सेल म्हणजे हे अक्षांश-रेखांश' ही नोंद. चित्राची प्रत तिथे नसते. पत्ता गेला की नोंद अनाथ. मॅप वॉर्पर या तशाच दुसऱ्या साधनावर चढवलेल्या शीट तेवढ्या वाचल्या, कारण तिथे चित्राची प्रत राहते.

नव्या पोर्टलवर खात्याने चित्रं लहान करून ठेवली आहेत. नुसती लहान केली असती तरी निभावलं असतं. 10,000 पिक्सेलची रुंदी 2,500 झाली, तर नोंदीतले पिक्सेलचे सगळे आकडे 0.25 ने गुणायचे. पण खात्याने कडाही कापल्या, प्रत्येक शीटच्या वेगळ्या, आणि काही शीट किंचित फिरवून 'सरळ' केल्या. किती कापलं, किती फिरवलं, याची नोंद नाही. म्हणजे एकेक शीट पुन्हा पहिल्या बिंदूपासून. एका शीटला अर्धा तास धरला तरी शंभर शीटना पन्नास तास, तेही फुकट राबणाऱ्या माणसांचे!

आणि कापलं काय? समास. सर्वेक्षणाचं वर्ष, मापप्रमाण, शून्य रेखांश हे सगळं समासातच छापलेलं असतं. ओपनहिस्टॉरिकलमॅप या जुन्या काळाच्या खुल्या ऑनलाइन नकाशावर रस्ता ट्रेस केला, म्हणजे गिरवला, की तो कधीपासून कधीपर्यंत होता ते लिहायचं असतं. तिथे छपाईचं वर्ष चालत नाही, कारण मोजणी आणि छपाई यांत अनेकदा बरीच वर्षं गेलेली असतात. आता ते वर्ष कुठून आणायचं?

1:63,360 चा नकाशा 300 डीपीआयला (इंचाला 300 पिक्सेल) स्कॅन केला की एक पिक्सेल जमिनीवर 5.4 मीटर भरतो. चौपट लहान केल्यावर साडेएकवीस. विहिरीचं अर्ध्या मिलिमीटरचं वर्तुळ आधी सहा पिक्सेल रुंद होतं, आता दीड. ती विहीर आहे की शाईचा डाग, हे कुणी सांगावं? त्यावर पुन्हा वॉटरमार्क, तोही नेमका कोपऱ्यातल्या रेखांशाच्या आकड्यांवर.

खात्याने स्वतः बसवलेल्या काही शीटवर 'त्रुटी शून्य' लिहिलंय. थिन प्लेट स्प्लाइन, म्हणजे शीट रबरासारखी ताणून बसवायची पद्धत, लावली की त्रुटी शून्यच येते, कारण ही पद्धत प्रत्येक बिंदूतून जाते, चुकून लावलेल्या बिंदूतूनही. बरोबर की चूक ते कळायला काही बिंदू बाजूला ठेवून तपासावे लागतात. ते कुणी केलं?

हे असंच होणार, कारण निविदेत पानं मोजली जातात. किती शीट स्कॅन झाल्या यावर बिल निघतं, त्या वापरता येतात का हे कुणी विचारत नाही. ज्यांच्या पैशातून ही मोजणी झाली, जपली गेली, त्या लोकांनाच धूसर प्रत दाखवायची, हा अधिकार खात्याला कुणी दिला? मूळ स्कॅन तुमच्याकडे पडून आहेत. जागा लागते म्हणून ते पुसले जातील, ही भीती आम्हाला रोज वाटते.

मूळ स्कॅन समासासकट जुन्या पत्त्यांवर परत ठेवा. तोवर शीट क्रमांक, जुना पत्ता, नवा पत्ता आणि चारही बाजूंनी कापलेले पिक्सेल एवढ्या रकान्यांचा तक्ता द्या. फिरवलेल्या शीटसाठी कोनाचा आणखी एक रकाना लागेल.

आपला,
जुने नकाशे ट्रेस करणारा एक नागरिक