भिडे मास्तर आणि आम्ही बडोदेकर

संपादक महोदय,

कौटुंबिक विनोदी मालिकांना आपण फार हलक्यात घेतो असं मला वाटतं. ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ २००८ पासून चालू आहे, म्हणजे ती सुरू झाली तेव्हा जन्मलेली मुलं आता मतदान करतील, आणि आमच्या बडोद्यात दांडिया बाजारच्या मराठी घरांतही जेवताना तीच लागलेली असते. त्यातला आत्माराम भिडे, शिस्तीचा, काटकसरी, ट्यूशन घेणारा मास्तर, हा आमच्या गुजराती शेजाऱ्यांना इतका खरा वाटतो की कुणी मराठी माणूस भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून वाद घालताना दिसला की लगेच ‘जुओ, भिडे आव्या!’ (आता आमच्यातले काही तसे आहेतच म्हणा, ते सोडा.)

पण खटकतं ते वेगळंच. त्याच मालिकेतला जेठालाल शेजारच्या बबिताजींना बघून विरघळतो आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे हसतात, हेच जर त्याच्या बायकोने, दयाने, बबिताजींच्या नवऱ्याकडे, अय्यरकडे बघून केलं असतं तर हसलो असतो का आपण? भिडेची बायको माधवी लोणची-पापड विकून कमावते, तरी सोसायटीचा सेक्रेटरी तिचा नवराच. याउलट १९९५ च्या ‘हम पाँच’ मालिकेत पाच मुली बापाच्या नाकी नऊ आणायच्या, त्यातली एक काजलभाई तर चक्क दादागिरी करायची, आणि तेही घरोघरी चाललंच की! मग आताच्या लेखकांना एवढं जपून का लिहावं लागतं?

– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा